काटेकोर

सत्तरच्या हद्दीत ऐंशी,
अशी दंडाची चिठ्ठी घेऊन एचेगाराय बाई गॅरेजात आल्या.
पैशांचं काही नव्हतं.
"काटा सत्तरवर होता, विल्मार. मी पाहत होते.
मी नेहमी पाहत असते."

बाई काटेकोर. फळा पुसायच्या तोही वरून खाली,
आडवा हात कधी नाही.

गाडी फुस्का, शहात्तरची,
रंग दुधात चहा जास्त पडल्यासारखा.
डाव्या पुढच्या चाकाच्या टोपीतून
चौकोनी टोकाची एक तार निघते, करंगळीहून बारीक,
नळीतून वर चढत डॅशबोर्डात जाते
आणि चाकानं काय पाहिलं ते तिथं फिरून फिरून सांगते.

टायर पाहिले. मापाचेच.
तारेला बोट लावलं, ग्रीस ओलं, पीळ शाबूत.
काटा थरथरतही नव्हता.
हेच वाईट.
थरथरणारा काटा निदान कबूल तरी करतो.
हा शपथेवर उभा असल्यासारखा स्थिर.

मीनासबाहेर सरळ रस्त्याला लागलो.
बाई चालवत होत्या, माझ्या हातात स्टॉपवॉच.
काटा ऐंशीवर धरला तर दगडापासून दगडापर्यंत
पंचेचाळीस सेकंद लागायला हवेत.
एकोणचाळीस.
परत. एकोणचाळीस.
परत, या वेळी वारा समोरून,
एक गाय आडवी येता येता राहिली,
तरी एकोणचाळीसच.

आणि खालचे आकडे?
पाच दगडांना पाच किलोमीटर, केसभर फरक नाही.
एकाच तारेवरचे दोन साक्षीदार,
अंतर सांगणारा खरा, वेग सांगणारा खोटा.
म्हणजे तार सुटली, चाक सुटलं.
दोष वर, डबीत,
जिथं लोहचुंबक फिरतो
आणि ॲल्युमिनियमच्या वाटीला न शिवता ओढतो.
"म्हातारा झालाय," मी म्हणालो, "ओढ कमी पडते."
बाईंनी आरसा उगाच नीट केला.

"कधीपासून?"
असं एका दिवसात होत नाही, बाई.

त्यांनी गाडी कडेला घेतली.
बोटांवर हिशेब मांडला, ओठ हलत होते.
घर ते शाळा अठ्ठावीस किलोमीटर, सत्तरनं चोवीस मिनिटं.
रेडिओवर सात वाजले की निघायचं,
सात चोवीसला दारात.
आणि शाळेतलं घड्याळ बघावं तर
काहीतरी कमीच दाखवायचं.
"मग मीच त्याला पुढं ढकलायची," त्या म्हणाल्या,
"दर मार्चला, शाळा उघडली की, थोडं थोडं.
वाटायचं, तेच मागं पडतंय."

मी त्याच शाळेतला.
सुटायचो तेव्हा बस कधीच आलेली नसायची.
दोन मिनिटं, कधी तीन,
ना शाळेची, ना घरची.
निलगिरीखाली मिर्ता संत्र्याची साल न तोडता सोलायची,
दुलिओ कुंपणाच्या तारेवर थुंकून पाहायचा विजेचा झटका बसतो का,
मी रस्त्यावरचे ट्रक मोजायचो,
या दगडापासून त्या दगडापर्यंत,
ओठातल्या ओठात एक, दोन, तीन.

हे बाईंना सांगितलं नाही.

आबेल म्हणाला, काटा उपटून दहा पुढं बसव, कोण बघतंय.
म्हटलं, मग उभी गाडी दहानं पळेल.
माँतेव्हिदेओच्या भंगारातून दुसरी डबी आली,
तिची काच तडकलेली, चुंबक तरणा.
बसवली. पुन्हा रस्ता, पुन्हा दगड.
पंचेचाळीस.

पुढच्या महिन्यात बाई पेट्रोल भरताना भेटल्या.
"गाडी आता रांगते," तक्रार.
"उशीर होतो का?"
"तीन मिनिटं आधी निघते."
"आणि शाळेतलं घड्याळ?"
बाईंनी सुटे पैसे दोनदा मोजले, पर्स मिटली.
"चालतंय की," म्हणाल्या.